चूल पेटवण्याआधी वस्ती बघा

नागपूर हे हात आखडता घेणारे शहर नाही. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे येणाऱ्या कोणत्याही रस्त्याने चाला, दर काही पावलांवर मांडव लागतो. एखादा कर्मचारी संघटनेचा, एखादा वस्तीतल्या मंडळाचा. कुणी मसालेभात वाढते, कुणी पुरी-भाजी, कुणी नुसते पाणी. पिशवीत एक चादर आणि चार पुस्तकांपुरते पैसे घेऊन खेड्यातून आलेला माणूस या शहरात उपाशी राहत नाही. रामनवमीच्या शोभायात्रेत हेच दिसते, ताजबागच्या उर्सात दिसते आणि हनुमान जयंतीला तर एकाच लेआउटमध्ये तीन-तीन महाप्रसाद असतात.

याच शहरात महिन्याच्या वीस तारखेनंतर डाळीचा डबा रिकामा होणारी घरे आहेत. मेडिकल रुग्णालयाच्या व्हरांड्यात दुपार चहा-बिस्किटावर काढणारे रुग्णांचे नातेवाईक आहेत. शाळेला सुटी लागली की दुपारच्या जेवणाला मुकणारी मुले आहेत. अन्न आहे, देणारे आहेत, राबणारे हातही आहेत. खोट आहे ती नेमाची. ज्या दिवशी सगळे वाढतात त्या दिवशी ताटे उरतात आणि ज्या दिवशी गरज असते त्या दिवशी गंज रिकामा असतो.

म्हणून एखादे मंडळ, सोसायटी, महिला बचत गट किंवा चार मित्र मिळून अन्नाचे काम सुरू करणार असतील, तर त्यांनी कामाचा क्रम थोडा बदलावा. आधी वस्ती समजून घ्यावी, मग तिथल्या लोकांचा सरकारी धान्यावरचा हक्क मिळवून द्यावा आणि तरीही जी भूक उरेल तिच्यासाठी चूल पेटवावी. हा क्रम कसा पाळायचा, ते पुढे सांगितले आहे.

पहिला महिना फक्त बघण्याचा

नागपूर महापालिकेचे दहा झोन आहेत. सगळे शहर डोक्यावर घेऊ नका. घरापासून पायी जाता येईल अशी एक वस्ती, एक रुग्णालयाचे फाटक किंवा मजुरांचा एक ठिय्या निवडा आणि तीन प्रश्न घेऊन तिथे जा. उपाशी कोण राहते? केव्हा? आणि कशामुळे?

‘केव्हा’ हा प्रश्न सगळ्यात उपयोगाचा आहे. बांधकाम मजुराला पावसाळ्यात काम नसते. धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुले दुपारी एक ते चार घरी एकटी असतात. एकट्या म्हातारीला धान्य मिळते, पण गॅस सिलिंडर भरायला पैसे नसतात, म्हणून ती एकवेळच शिजवते. तीन घरांची भूक तीन तऱ्हेची आहे आणि तिन्हीवर पुरी-भाजीचे पाकीट हा उपाय नाही. पहिल्याला पावसाळ्यापुरता किराणा हवा, दुसऱ्या घराला दुपारचा डबा हवा आणि म्हातारीला शेजारच्या घरातून रोज दोन पोळ्या पोचल्या तरी पुरे.

माहिती विचारायची कुणाला? अंगणवाडी सेविकेला कोणत्या घरातले मूल वजनात मागे आहे ते ठाऊक असते. आशाताईंना गरोदर बाया आणि क्षयाचे रुग्ण माहीत असतात. रेशन दुकानदाराला कुणाचा अंगठा जुळत नाही ते माहीत असते. आणि सगळ्यात खरे चित्र सापडते ते कोपऱ्यावरच्या किराणेवाल्याच्या उधारीच्या वहीत. कोणते घर पाव किलो तेलावरून पाच-दहा रुपयांच्या पाकिटावर आले, हे त्याला महिनाभर आधी कळते. वही दाखवा म्हणू नका. तो तशीही दाखवणार नाही. ‘भाऊ, आमच्याकडे कुणाला पाठवावेसे वाटले तर पाठवा’ एवढे सांगून ठेवा.

महिनाअखेर तुमच्या हाती तीस-चाळीस घरांची यादी असेल. नावापुढे अडचण लिहा. ही यादी गटातल्या दोघांकडेच राहू द्या. व्हॉट्सअॅपवर तर अजिबात फिरवू नका.

कागद हेच मोठे अन्नदान

यादीतली निम्मी कामे शिजवून नव्हे, तर कागद पुरे करून सुटतील. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य आणि अंत्योदय कार्डावर घरामागे ३५ किलो, असा हा हक्क आहे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते.

आता हिशेब करा. पाच माणसांच्या घराला महिन्याला २५ किलो, म्हणजे वर्षाला ३०० किलो धान्य. खिचडीच्या एका ताटाला साधारण १०० ग्रॅम कोरडे धान्य लागते. तेव्हा एका घराचे बंद पडलेले कार्ड सुरू करून दिले, तर वर्षाला ३,००० ताटांचे धान्य त्या घरात गेले. तेही त्यांच्या हक्काचे, त्यांच्याच चुलीवर, त्यांना हवे तसे शिजवलेले. एवढ्या मोलाचा महाप्रसाद कोणत्याही मंडळाच्या आवाक्यात नाही.

अडचणी ठरावीक असतात आणि त्या ओळखीच्या करून घेतल्या की सोडवता येतात.

*नाव नसणे.* लग्न होऊन आलेली सून, नवे बाळ, गावाहून आलेली आई यांची नावे चढवलेली नसतात. सुनेचे नाव आधी माहेरच्या कार्डातून कमी करावे लागते आणि तिथेच गाडी अडते. माहेर दुसऱ्या राज्यात, बालाघाटचे असेल तर आणखीच. ते पत्र मिळवण्यासाठी फोन करणे, अर्जाचा पाठपुरावा करणे, हे स्वयंसेवकाचे काम.

*ई-केवायसी राहणे.* कार्डावरच्या प्रत्येक माणसाची ओळख-पडताळणी व्हावी लागते. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर ती होते आणि मोबाइलवर चेहरा दाखवूनही करता येते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे मोबाइल घेऊन जाणारा एक तरुण गटात असला, तरी पुष्कळ नावे वाचतात.

*अंगठा न जुळणे.* विटा उचलून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजतात. म्हातारी यंत्रावर अंगठा ठेवते, दिवा लाल होतो, ती पदराला बोट पुसते, पुन्हा ठेवते, पुन्हा लाल. मागची रांग कुरकुरते आणि ती पिशवी घेऊन परत जाते. असे परत जायचे कारण नाही. कार्डावरचा दुसरा कोणीही सदस्य धान्य उचलू शकतो. डोळ्याची बुबुळे किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी असेही मार्ग आहेत. अंगठा जुळला नाही, एवढ्याच कारणाने धान्य नाकारू नये, अशा केंद्राच्या सूचना आहेत. महिन्याच्या वाटपाच्या दिवशी गटातला एक माणूस दुकानाशी तासभर नुसता उभा राहिला, तरी निम्मे प्रश्न जागीच मिटतात.

*कार्ड दुसऱ्या गावचे असणे.* नागपुरात कामाला आलेले गडचिरोलीचे, शिवनीचे, छत्तीसगडचे मजूर ‘आमचं राशन गावाला’ म्हणून विकतचे तांदूळ खातात. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ व्यवस्थेत कार्ड कुठलेही असो, धान्य इथल्या दुकानातून उचलता येते. काही किलो इथे आणि उरलेले गावातल्या घरच्यांनी, अशीही विभागणी चालते. माहितीसाठी १४४४५ हा क्रमांक आहे.

*इष्टांक संपणे.* पुरवठा कार्यालयात हा शब्द हमखास कानावर येतो. महाराष्ट्रासाठी लाभार्थ्यांची कमाल संख्या सुमारे ७ कोटी ठरलेली आहे. तिचा आधार २०११ ची जनगणना. केशरी कार्ड आहे, उत्पन्न मर्यादेत आहे, तरी धान्य नाही, अशी घरे त्यामुळेच राहतात. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठरवली गेली होती. आज ती कुणाही कमावत्या घराला ओलांडता येते, हेही वास्तव आहे. अर्ज मात्र लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि जागा मोकळी झाली का, हे दर तीन महिन्यांनी विचारावे. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

कोणत्या दारी जायचे? नागपूर शहरात रेशनचे काम अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडे आणि त्याच्या झोन कार्यालयांकडे असते. तक्रारीसाठी १९६७ ही हेल्पलाइन आहे. कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, त्यावर राज्य अन्न आयोग आणि दुकानपातळीवर दक्षता समित्या यांची तरतूद आहे. ठरलेले धान्य मिळालेच नाही, तर भत्ता मागण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. दुकानदाराशी भांडून काम सुरू करू नका. त्याचीही अडचण अनेकदा यंत्राच्या सर्व्हरची असते. पावती मात्र प्रत्येक वेळी मागायला शिकवा.

ज्यांच्याकडे कागदच नाहीत, त्यांना सोडून देऊ नका. देहविक्रय करणाऱ्या महिलांना ओळखपत्राचा आग्रह न धरता धान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे. गंगाजमुना वस्तीतल्या अशा बायांसाठी हा आदेश हाताशी असू द्या.

क्षयरोग्यांसाठीही वाट आहे. उपचार चालू असेपर्यंत रुग्णाला पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती. शिवाय कुणीही नागरिक किंवा मंडळ ‘निक्षय मित्र’ म्हणून नोंद करून रुग्णाला दरमहा डाळ, तेल, शेंगदाण्यांची टोपली देऊ शकते. सहा महिन्यांची ठरलेली मुदत, ठरलेला माणूस आणि ठरलेली टोपली. नव्या गटाने हात घालायला याहून सोपे काम नाही.

रुग्णालयाच्या दारात

मेडिकल, मेयो, डागा, सुपर, तुकडोजी चौकातले कॅन्सर रुग्णालय, मिहानमधले एम्स. विदर्भातले सगळे जिल्हे, शिवाय बालाघाट, शिवनी, छिंदवाडा आणि छत्तीसगड या दवाखान्यांवर अवलंबून आहेत. भरती रुग्णाला जेवण मिळते. त्याच्याजवळ बसलेल्या माणसाला मिळत नाही. सकाळी डॉक्टरांचा राउंड, मग रक्ताची बाटली घेऊन प्रयोगशाळेच्या खिडकीवर, मग एक्स-रेच्या रांगेत, मग बाहेरून औषध आणायला. खाटेजवळून हलले आणि नाव पुकारले तर? म्हणून तो बाहेर जेवायला जात नाही. आणि चौथ्या दिवशी गेला, तर खिशात परतीच्या बसभाड्याएवढेच उरलेले असते.

या दारात काम करणारे आधीपासून आहेत. रेल्वेत नोकरी केलेले खुशरू पोचा यांनी नागपुरातून रक्तदात्यांचे संकेतस्थळ उभे केले आणि पुढे ‘सेवा किचन’. रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण देणारा हा उपक्रम इथून इतर शहरांत गेला. ‘नेकी का पिटारा’ या नावाने रुग्णालयांत खाण्यापिण्याच्या वस्तूंचे फ्रिजही ठेवले गेले. या कामाचा एक नियम लक्षात घेण्याजोगा आहे: देणगी म्हणून पैसे घ्यायचे नाहीत. मेडिकलच्या आवारात नातेवाइकांसाठी १० रुपयांची ‘दीनदयाल थाळी’ सुरू झाली. शासनाची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला आली. दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात, किंमत १० रुपये. तुमच्या भागातले केंद्र आज चालू आहे का, किती वाजता थाळ्या संपतात, हे स्वतः रांगेत उभे राहून बघा.

मग आपले काम काय? जिथे खंड पडतो तो भरून काढणे. आठवडाभर सकाळ, दुपार, रात्र फाटकाशी थांबा आणि कोण केव्हा वाढते ते टिपा. दुपारी तीन गट येत असतील तर चौथे होऊ नका. रविवारची रात्र, दिवाळीचा आठवडा, सकाळचा नाश्ता, बाळंतिणीच्या सोबत आलेल्या सासूचा चहा, यांपैकी काहीतरी सुटलेले असतेच.

वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी घ्या आणि समाजसेवा अधीक्षकांशी ओळख ठेवा. कोणत्या वॉर्डात लांबून आलेले, एकटे नातेवाईक आहेत, हे त्यांना माहीत असते. रुग्णाच्या हाती थेट खायला देऊ नका. कुणाची शस्त्रक्रिया असते, कुणाला साखर, कुणाला मूत्रपिंडाचे पथ्य. ताट नातेवाइकासाठी आहे, हे दर वेळी सांगा.

उरलेले अन्न: केव्हा घ्यावे, केव्हा नाही म्हणावे

भारतातल्या घरांत दर माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अंदाज आहे. लग्नसराईत लॉनवर उरणारे अन्न तर डोळ्यांनी दिसते. ते उचलून वस्तीत पोचवणारे गट देशभर आहेत. दिल्लीत २०१४ मध्ये सुरू झालेली रॉबिन हूड आर्मी आणि माजी पोलीस अधिकारी डी. शिवानंदन यांनी २०१७ मध्ये मुंबईत डबेवाल्यांच्या साथीने सुरू केलेली रोटी बँक ही त्यांतली ओळखीची नावे.

काम चांगले आहे, पण नागपूरच्या उन्हाळ्यात धोक्याचेही आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि लग्नेही तेव्हाच असतात. गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली, या दोहोंच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. साध्या तापमानात शिजलेले अन्न दोन तासांच्या आत खाल्ले गेले पाहिजे; वैशाखात हा अवधी तासाभराचा धरा. शिळा भात दिसायला आणि वासाला ठीक असला तरी पोट बिघडवू शकतो आणि त्यात तयार झालेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

म्हणून काही नियम सुरुवातीलाच ठरवून टाका.

– फोन रात्री बारा वाजता येता कामा नये. लॉनवाल्याशी आणि आचाऱ्याशी लग्नाच्या आधी बोला. साडेनऊला आचारी सांगू शकतो की किती उरणार.
– वाढपाच्या टेबलावरचे घेऊ नका. मागे मुदपाकखान्यात झाकून ठेवलेले, चमचा न लागलेले तेवढेच घ्या.
– पोळ्या, पुऱ्या, सुकी भाजी, वरण, साधा भात चालेल. दही, रायता, पनीर, मलईची भाजी, बासुंदी, ओल्या नारळाची चटणी यांना सरळ नाही म्हणा.
– झाकणाचे स्टीलचे डबे स्वतःचे ठेवा. सुरुवातीला बिछायत केंद्रातून भाड्याने मिळतात.
– वाटण्याआधी गटातल्या एकाने खाऊन बघायचे. आपल्या घरच्या मुलाला देणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाला द्यायचे नाही.
– प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. कुठून घेतले, किती वाजता, कुठे वाटले, हे वहीत लिहा.

कायद्याची बाजूही बघून ठेवा. अन्न सुरक्षा व मानके कायद्यात (रेशनचा कायदा वेगळा) नफा असो वा नसो, अन्न हाताळणारा प्रत्येक उपक्रम येतो. उरलेले अन्न गोळा करून वाटण्यासाठी २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत. ते जुलै २०२० पासून लागू आहेत आणि त्यात वाटणाऱ्या संस्थेची नोंदणी अपेक्षित आहे. नोंदणी ऑनलाइन होते. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चौकशी करून ती वेळीच करून घ्या.

एक गोष्ट मात्र पक्की समजून असा. उरलेले अन्न हा नेमाच्या कामाचा पाया होऊ शकत नाही. लग्नाचा मुहूर्त असेल तेव्हा चारशे माणसांचे येते आणि आषाढात महिनाभर काहीच नाही. त्यावर विसंबलेली वस्ती तुमच्या फोनकडे डोळे लावून बसते. ते वरकड म्हणून घ्या. रोजचे ताट स्वतःच्या चुलीवरचे असू द्या.

काय शिजवावे

खिचडीला पर्याय नाही. सगळ्यांना चालते, एका गंजात होते, म्हाताऱ्यांना चावायचा त्रास नाही. पन्नास माणसांना साडेतीन किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि दोन-अडीच किलो भाजी साधारण पुरते. डाळ कमी करून पैसे वाचवू नका. गरीब घराच्या ताटात नेमकी तीच कमी असते. शेंगदाणे घाला, वरून सांभार (कोथिंबीर) घाला.

उन्हाळ्यात मात्र भाताऐवजी पोळी, जवसाची चटणी, फुटाणे-गूळ असे कोरडे बांधून दिलेले बरे. ते संध्याकाळपर्यंत टिकते आणि नातेवाइकाला खाटेजवळ बसून सवडीने खाता येते.

भाजी आणि फळे

धान्याने पोट भरते, पण ताटात भाजी आणि फळे नसली तर अंगात रक्त भरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के मुले आणि ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. रेशनच्या गहू-तांदळाने ही उणीव भरत नाही.

नागपूरला इथे सोय आहे. कळमन्याच्या बाजार समितीत आणि कॉटन मार्केटमध्ये पहाटे ठोक भावात भाजी मिळते. वस्तीतल्या किरकोळ भावाशी तुलना केली तर फरक लगेच कळतो. वीस घरांनी मिळून आठवड्यातून एकदा एक ऑटो भरून भाजी आणावी आणि वाटून घ्यावी. बचत गटाला हे काम चांगले जमते. वाहतुकीचा खर्च वाटून घ्या, वजनकाटा सगळ्यांसमोर ठेवा. ही मदत नाही, एकत्र खरेदी आहे. त्यामुळे कुणाला हात पसरावा लागत नाही.

बुधवार बाजार, मंगळवारी अशा बाजारांत रात्री दुकान आवरताना भाव पडतात. तिथल्या बाईकडे फुकट मागू नका; तीही हातावर पोट असणारीच आहे. उरलेल्या भाजीचा एकच भाव ठरवा, दर आठवड्याला तीच भाजी उचला आणि रोख द्या. तिचाही माल वाया जात नाही.

संत्री तर आपल्या घरची. आंबिया बहार दिवाळीच्या आसपास आणि मृग बहार फेब्रुवारी–मार्चमध्ये येतो. आकाराने छोटी, वर डाग असलेली फळे बाजारात मातीमोल जातात, पण गुणाने ती कमी नसतात. जेवणासोबत संत्रे खाल्ले की डाळीतले, पोह्यांतले लोह अंगी लागायला मदत होते. आडत्याशी बोलून हंगामात आठवड्याला दोन क्रेट अंगणवाडीला पोचवणे अवघड नाही.

मुलांच्या सुट्या

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिजवलेले अन्न, सहा महिन्यांपुढच्या बाळांना आणि गरोदर-स्तनदा मातांना घरी न्यायचा आहार, आणि शाळेत आठवीपर्यंत दुपारचे जेवण हा कायद्याने दिलेला हक्क आहे. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, त्यापुढे आठवीपर्यंत ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम, असे शाळेतल्या जेवणाचे प्रमाण आहे. पालक म्हणून शाळेत जा, ताट बघा, चाखा. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात, त्यांना हा अधिकार आहे.

आणि मग दिनदर्शिका काढा. रविवार, दिवाळी, मे महिना. शाळा बंद म्हणजे जेवण बंद. आई-बाप दोघेही कामावर असलेल्या वस्तीत सुटीतले दुपारचे जेवण समाजभवनात किंवा बुद्धविहारात सुरू केले, तर त्याच दोन तासांत मुलांचा अभ्यासही होतो. पाच घरच्या आयांनी पाळीपाळीने शिजवायचे, सामान गटाने द्यायचे. बाहेरून येणाऱ्या पाकिटापेक्षा हे स्वस्त पडते आणि टिकते.

पैसे, माणसे, हिशेब

नव्या गटाने रोख देणगी घेऊ नये. ‘दर महिन्याला दोन किलो तूरडाळ’, ‘पाच लिटर तेल’, ‘दुसऱ्या शनिवारी गाडी’ अशी कामे वाटून द्या. वस्तूचा हिशेब सोपा असतो आणि कुरबुरी कमी होतात. पुढे व्याप वाढला की रीतसर संस्था नोंदवा आणि धर्मादाय आयुक्तांच्या नियमांप्रमाणे हिशेब ठेवा. दरमहा काय आले, काय गेले, याचा एक कागद वस्तीतल्या फलकावर लावा.

ज्यांचे मोठे महाप्रसाद होतात, त्या मंडळांनी वर्गणीचा दहावा भाग वर्षभराच्या कामासाठी बाजूला काढावा. जेवणावळीत कुणाला तो कमी पडल्याचे कळणारही नाही.

माणसे जपून वापरा. सुरुवातीला वीस जण येतात, चौथ्या महिन्यात पाच उरतात. म्हणून झेपेल तेवढेच कबूल करा. आठवड्यातून एक वार, पण तो चुकवायचा नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या करंजीचा लंगर याचा धडा देतो. नागपूर–हैदराबाद महामार्गावर १९८८ पासून तो चालू आहे. २०२० च्या टाळेबंदीत लाखो मजूर पायी घरी निघाले, तेव्हा बाबा करनैलसिंग खैरा यांच्या या लंगरात दहा आठवड्यांत वीस लाखांवर लोक जेवल्याची नोंद झाली. संकट आले म्हणून तो उभा राहिला नव्हता. तीस वर्षे रोज चूल पेटत होती, म्हणून संकटात हात अपुरे पडले नाहीत.

वाढण्याची रीत

जेवणाऱ्याचा फोटो काढू नका. बॅनरही नको. मुले आणि आजारी माणसांच्या बाबतीत तर हा नियम मोडायचाच नाही. जात, धर्म, गाव विचारू नका. आधार कार्ड बघून खिचडी वाढू नका. बसायला सतरंजी, हात धुवायला पाणी आणि मागाल तर दुसरी वाढ, एवढे केले की रांगेतला माणूस पंगतीतला होतो. जमेल त्याच्याकडून पाच-दहा रुपये घ्यायची पेटी ठेवा. पुष्कळांना फुकट खाण्यापेक्षा ते सोयीचे वाटते. आणि जेवणाऱ्यांतूनच कुणी कांदा चिरायला, भांडी घासायला पुढे आले, तर त्यांना लगेच गटात घ्या. काय कमी पडते, ते तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळते.

कचऱ्याचीही सोय करा. पत्रावळी-द्रोण पानांचे घ्या किंवा स्टीलची ताटे वापरा. ओला कचरा वेगळा काढून महापालिकेच्या गाडीत द्या. वाटपानंतर चौक घाण राहिला, तर पुढच्या वेळी शेजारचेच लोक विरोध करतील आणि त्यांची चूक नसेल.

पहिले बारा आठवडे

पहिले चार आठवडे वस्तीत फिरून यादी करा. पाचव्या ते आठव्या आठवड्यात रेशन, अंगणवाडी, क्षयरोग्यांची नोंद, नातेवाइकांसाठी आधीपासून चालू असलेली जेवणे, यांच्याशी यादीतली नावे जोडा. अर्जांच्या पोचपावत्या एका फाइलमध्ये ठेवा. नवव्या आठवड्यात उरलेल्या नावांपुरती चूल पेटवा. पन्नासपेक्षा जास्त ताटे नकोत. दहाव्या आणि अकराव्या आठवड्यात वेळ, जागा, पदार्थ यांत जे चुकले ते बदला.

बाराव्या आठवड्यात गट एकत्र बसला की ‘किती ताटे वाटली’ हा प्रश्न मागे ठेवा. यादी काढा आणि तुमच्या ताटाची गरज न उरलेल्या प्रत्येक नावावर रेघ मारा: कार्ड सुरू झालेले, पैसे खात्यात येऊ लागलेले, मुलगा शाळेत जेवू लागलेला. ताटे वाढत गेली आणि रेघा तेवढ्याच राहिल्या, तर काम कुठेतरी अडले आहे असे समजा आणि पुन्हा वस्तीत जाऊन कारण शोधा.